बिल्ला क्रमांक ७१४

डिसेंबर १९८२ मध्ये लॉस एंजेलिस शहराच्या पोलीस दलाने आपला ७१४ क्रमांकाचा बिल्ला कायमचा निवृत्त केला. शहरातले झेंडे अर्ध्यावर उतरले आणि दफनविधी संपूर्ण पोलीस इतमामात झाला. मृताबरोबर शवपेटीत सार्जंटच्या हुद्द्याचा, त्याच क्रमांकाचा बिल्ला ठेवण्यात आला. एवढा मान ज्याला मिळाला तो गृहस्थ मात्र आयुष्यात एक दिवसही पोलिसात नव्हता. तो नट होता. त्याचे नाव जॅक वेब.

आपल्यापैकी पुष्कळांना हे नाव नवीन वाटेल, पण त्याने घातलेली वाट नवीन वाटणार नाही. मुंबई दूरदर्शनवरची ‘एक शून्य शून्य’ ज्यांनी पाहिली आहे, किंवा १९९८ पासून ‘सीआयडी’साठी ज्यांच्या घरी जेवणाच्या वेळा बदलल्या, त्यांना पोलिसी तपासाची मालिका म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. दोन साध्या वेशातले पोलीस, एक गुन्हा, दारोदार चौकशी, एकेक दुवा जुळवत जाणे आणि शेवटी अटक, हा जो सांगाडा आहे तो आधी रेडिओवर आणि मग टेलिव्हिजनवर पक्का उभा केला तो वेबने. मालिकेचे नाव ‘ड्रॅगनेट’. कोकणातल्या मंडळींना अर्थ पटकन कळेल: ड्रॅगनेट म्हणजे रापण. समुद्रात लांबवर सोडायची आणि दोन्ही टोकांनी हळूहळू किनाऱ्याकडे ओढत आणायची. पोलीस जेव्हा सगळीकडून नाकेबंदी करून गुन्हेगाराला घेरतात तेव्हा अमेरिकेत हाच शब्द वापरतात.

जॅकचा जन्म २ एप्रिल १९२० चा, कॅलिफोर्नियातल्या सान्ता मोनिका गावचा. वडील त्याच्या जन्माआधीच घर सोडून गेले होते. बापाचे तोंड त्याने कधी पाहिले नाही. आई आणि आजी या दोघींनी त्याला लॉस एंजेलिसच्या बंकर हिल भागात वाढवले. एके काळी श्रीमंतांच्या वाड्यांची असलेली ती टेकडी तोवर भाड्याच्या खोल्यांची वस्ती झाली होती. त्यात जागतिक मंदी. पोराला दमा, त्यामुळे मैदानी खेळ बंद. तो चित्रे काढायचा, वाचायचा. आई खोल्या भाड्याने देत असे, आणि त्यातल्याच एका भाडेकरूने, जो पूर्वी जॅझ वादक होता, या मुलाला बिक्स बायडरबेक या कॉर्नेटवादकाची एक तबकडी दिली. ती तबकडी जॅकला आयुष्यभर पुरली. पुढे पैसा आला तेव्हा त्याच्या संग्रहात जॅझच्या सहा हजारांवर ध्वनिमुद्रिका होत्या.

शाळेत तो विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून निवडून आला होता. पुढचे शिक्षण मात्र परवडण्यासारखे नव्हते. तयार कपड्यांच्या दुकानात विक्रेत्याची नोकरी धरली. दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात भरती झाला, पण वैमानिकाच्या प्रशिक्षणात टिकला नाही आणि टंकलेखकाच्या खुर्चीवर जाऊन बसला. १९४५ च्या सुरुवातीला त्याने घरच्या अडचणीमुळे सेवामुक्ती मागून घेतली. आई आणि आजी यांचा तो एकटाच कमावता आधार होता.

तिथून तो गेला सॅन फ्रान्सिस्कोला, केजीओ या रेडिओ केंद्रावर. पहाटे जॅझच्या तबकड्या लावणे हे एक काम. दुसरे काम आज फारसे कुणाला आठवत नाही, आणि मला तर ते फार महत्त्वाचे वाटते. १९४६ मध्ये ‘वन आउट ऑफ सेव्हन’ नावाचा त्याचा एकपात्री कार्यक्रम होता. आठवड्यातली एखादी बातमी घ्यायची आणि सगळ्या पात्रांचे आवाज स्वतःच काढून ती रंगवायची. त्यात वर्णद्वेषावर तो तुटून पडे. मिसिसिपीचा बिल्बो नावाचा सिनेटर कृष्णवर्णीयांविरुद्ध उघड विष ओकत असे. त्याची वेबने उपरोधाने अशी काही हजेरी घेतली की त्या काळी दुसऱ्या केंद्राने ते छापील कागदावरही घेतले नसते. वय सव्वीस. हा सव्विशीतला वेब कृपया लक्षात ठेवावा, पुढे त्याची गरज पडणार आहे.

त्याच केंद्रावरून ‘पॅट नोव्हाक’ या खाजगी गुप्तहेराची मालिका सुरू झाली आणि वेबचे नाव झाले. हा गुप्तहेर तोंडाळ; प्रत्येक वाक्यात एक उपमा, आणि प्रत्येक पोलीस मूर्ख. तेव्हा रेडिओवरचे सगळेच गुप्तहेर असे होते.

१९४८ साली वेबला ‘ही वॉक्ड बाय नाइट’ या चित्रपटात पोलीस प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाची छोटी भूमिका मिळाली. चित्रपटाला तांत्रिक सल्लागार म्हणून लॉस एंजेलिस पोलिसातला मार्टी विन नावाचा सार्जंट होता. चित्रीकरणाच्या मधल्या वेळात गप्पा होत. विनचे म्हणणे थोडक्यात असे की रेडिओवरचे पोलीस बघून खऱ्या पोलिसांना हसू येते. खऱ्या फायलींवरून कुणी कार्यक्रम का करीत नाही? वेबला आधी यात काही दम वाटला नाही. लोकांना मारामारी हवी, कागदपत्रे कोण ऐकणार! पण ती कल्पना डोक्यात राहिली. काही काळाने तो विन आणि त्याचा जोडीदार व्हान्स ब्रेशर यांच्या गाडीत मागे बसून रात्रपाळीला हिंडू लागला. बिनतारी यंत्रावर ते कसे बोलतात, दार ठोठावताना कुठे उभे राहतात, साक्षीदार रडायला लागला की काय करतात, हे सगळे त्याने टिपून घेतले. विशेषतः एक गोष्ट त्याने उचलली: कामावरचा पोलीस आवाज चढवत नाही. सगळे एका सुरात, थकलेल्या स्वरात चालते.

३ जून १९४९ ला ‘ड्रॅगनेट’ रेडिओवर सुरू झाली. वेब झाला सार्जंट जो फ्रायडे.

आपल्या खात्यातल्या वाचकांसाठी इथे एक उदाहरण देतो. गाडी रुळावरून घसरली की सगळ्या खात्यांचे पर्यवेक्षक मिळून जॉइंट नोट करतात, ती आपण जाणतो. किती वाजून किती मिनिटांनी, कोणत्या किलोमीटरला, कितवे चाक, गेज किती, क्रॉस लेव्हल किती. त्यात विशेषणाला जागा नसते. ‘भीषण’ असा शब्द कुणी जॉइंट नोटमध्ये लिहीत नाही. फ्रायडेचे निवेदन अगदी तसे आहे. वार, तारीख, हवामान, कोणती पाळी, कोणता विभाग, वरिष्ठ कोण, आणि मग घड्याळाच्या काट्यासकट घटना. खून झालेला असो की दुकानातून कोट चोरीला गेलेला असो, सूर तोच. आणि गंमत अशी की लोकांना हेच भावले. शेवटी खटल्याचा निकाल आणि शिक्षा सांगून भाग संपे. नावे बदललेली, पण प्रकरण खरे, असे निवेदक सुरुवातीलाच बजावी.

आवाजाच्या बाबतीत वेब किती काटेकोर होता याच्या कथा रेडिओच्या लोकांत पुष्कळ दिवस चालल्या. पावलांचे, दारांचे, टेलिफोनचे आवाज खऱ्या कचेरीत जसे तसेच त्याला हवे असत, आणि एका भागासाठी कित्येक ध्वनियोजक कामाला जुंपलेले असत. फ्रायडेचे घर मात्र अगदी साधे ठेवले होते: ब्रह्मचारी, आईबरोबर राहणारा. बापाचा उल्लेख नाही. ही गोष्ट वेबने कुठून आणली ते सांगायला नको.

टेलिव्हिजनवर पहिला भाग १६ डिसेंबर १९५१ ला दाखवला गेला. फ्रायडेचा जोडीदार रोमेरो याची भूमिका रेडिओपासून बार्टन यारबरो करीत असे. पहिला भाग दाखवून काही दिवस होतात न होतात तोच यारबरो हृदयविकाराने गेला. मालिका ३ जानेवारी १९५२ पासून नियमित व्हायची होती. वेबने थांबायचे नाव घेतले नाही. रोमेरोचा मृत्यूही कथेत आणला, दोन नट बदलून पाहिले आणि शेवटी बेन अलेक्झांडर या गुबगुबीत, मिस्किल नटाची निवड पक्की केली. फ्रायडे जितका कोरडा तितका हा घरगुती. बायको, जेवण, सर्दी-पडसे यांवर बोलणारा. ही जोडी जमली. १९५३-५४ च्या हंगामात अमेरिकेत ‘ड्रॅगनेट’च्या पुढे ‘आय लव्ह लूसी’ ही एकच मालिका होती.

पडद्यामागे काय चालत असे ते जास्त मनोरंजक आहे. वेब स्वतःच निर्माता, दिग्दर्शक आणि नायक. नटांनी संवाद पाठ करून यायचे नाहीत, अशी त्याची सक्त ताकीद. कॅमेऱ्याशेजारी टेलिप्रॉम्प्टर असे, त्यावरून वाचायचे. पाठ केले की नट अभिनय करायला लागतात, आणि त्याला अभिनय नको होता. शिवाय पैसाही वाचे; अर्ध्या तासाचा भाग दोन-तीन दिवसांत उरकत असे. त्यामुळे बड्या रंगभूमीवरून आलेला नट वैतागे, पण ज्याने आयुष्यात कधी काम केले नाही असा माणूसही त्याच्याकडे खरा वाटे. चेहरे अगदी जवळून दाखवण्याची पद्धतही त्याचीच. एक चेहरा बोलतो, दुसरा ऐकतो, पुन्हा पहिला. पुढे लोकांनी याची भरपूर टिंगल केली, पण त्या वेळच्या वीतभर पडद्यावर तेच शोभत होते.

कचेरीचा देखावा पोलीस मुख्यालयावरून मोजमाप घेऊन उभारला होता. पोलिसांच्या फायली त्याला मिळत, पोलीस सल्लागार रोज चित्रीकरणाला हजर असत, ज्याचे प्रकरण घेतले त्या अधिकाऱ्याला मानधन मिळे. सुरुवातीच्या त्या चार ठोसेबाज सुरांचीही एक भानगड आहे. संगीतकार वॉल्टर शूमन याच्या नावावर ते होते, पण ‘द किलर्स’ या १९४६ च्या चित्रपटातल्या मिक्लोश रोझाच्या संगीताशी ते इतके जुळत होते की प्रकरण वकिलांकडे गेले आणि शेवटी उत्पन्न वाटून घेण्यावर मिटले. आणखी एक. फ्रायडे बायकांना फक्त हकीकत तेवढी सांगायला बजावतो, ते वाक्य अमेरिकेत म्हणीसारखे झाले आहे. ते ज्या स्वरूपात प्रसिद्ध झाले तसे वेबने मालिकेत म्हटलेलेच नाही. स्टॅन फ्रीबर्ग या विनोदवीराने १९५३ साली मालिकेची नक्कल करणारी एक तबकडी काढली, तिने ते लोकांच्या तोंडी बसवले.

आता जरा अडचणीच्या भागाकडे येऊ. फायली ज्यांच्या, मर्जी त्यांची. पोलीसप्रमुख विल्यम पार्कर हे १९५० मध्ये त्या जागेवर आले. कडक शिस्तीचे, स्वतः लाच न खाणारे आणि खात्याच्या प्रतिमेबद्दल अतिशय जागरूक. मालिकेची प्रत्येक संहिता त्यांच्या खात्याच्या नजरेखालून जाई, आणि प्रत्येक भागाच्या शेवटी त्यांच्या कार्यालयाचे आभार असत. हे सहकार्य दोन्ही बाजूंनी लाभाचे होते. याचा चांगला उपयोगही झाला, ते नमूद केले पाहिजे. १९४९ च्या नाताळात वेबने एक भाग केला होता: भेट म्हणून आणलेल्या बंदुकीने एक लहान मुलगा मरतो. बंदूकधारकांच्या राष्ट्रीय संघटनेने त्यावर आक्षेप घेतला. पार्कर यांनी माघार तर घेतली नाहीच, उलट असे आणखी भाग करू असे कळवले. सणासुदीच्या दिवशी प्रायोजकाच्या पैशाने असा भाग करायला छाती लागते.

पण तारखा शेजारी मांडून बघा. टेलिव्हिजनवरचा पहिला भाग १६ डिसेंबर १९५१. नियमित मालिका ३ जानेवारी १९५२. यांच्या मधोमध, २५ डिसेंबर १९५१ च्या पहाटे, त्याच शहराच्या पोलीस कोठडीत काय झाले? दारू पिऊन तर्र झालेल्या पोलिसांनी सात कैद्यांना बेदम मारले. त्यांतले पाच मेक्सिकन वंशाचे होते. हे प्रकरण ‘रक्तरंजित नाताळ’ म्हणून इतिहासात गेले. आठ पोलिसांवर आरोपपत्र, पाचांना शिक्षा, चौपन्न जणांच्या बदल्या आणि एकोणचाळीस निलंबित. ज्या आठवड्यांत घरोघरी लोक सौजन्याने टोपी उचलून दारात उभा राहणारा फ्रायडे पाहत होते, त्याच आठवड्यांत शहराच्या मेक्सिकन वस्त्यांत लोक दुसराच पोलीस पाहत होते. फ्रायडेच्या जगात ते प्रकरण कधी घडलेच नाही.

वेब खोटारडा होता असे मी म्हणणार नाही. त्याने जे दाखवले ते कागदोपत्री खरे होते. पण कागद लिहिणारे कोण? ज्या मारहाणीची नोंद झाली नाही तिची फाइल नव्हती, आणि जिची फाइल नव्हती ती गोष्ट वेबपर्यंत पोचत नव्हती. सव्विसाव्या वर्षी सिनेटरची हजेरी घेणारा माणूस, सहा हजार ध्वनिमुद्रिकांत कृष्णवर्णीय कलावंतांना देव मानणारा माणूस, आपल्याच शहरातल्या त्यांच्या वस्तीत पोलीस कसे वागतात हे विचारायला मात्र गेला नाही. १९६५ साली वॉट्स भागात दंगल उसळली तेव्हाही तो पार्कर यांच्याच बाजूला होता. पुढच्या भागांत कृष्णवर्णीय पोलीस दिसतात, भरतीचे महत्त्व सांगतात, पण तक्रार कुणी मांडत नाही.

१९५८ साली त्याने ‘द बॅज’ हे पुस्तक लिहिले. टेलिव्हिजनवर दाखवता न येणारी प्रकरणे त्यात आहेत. पुढल्या वर्षी हे पुस्तक एका अकरा वर्षांच्या मुलाला त्याच्या वडिलांनी वाढदिवसाची भेट म्हणून दिले. त्या मुलाच्या आईचा काही महिन्यांपूर्वीच खून झाला होता आणि खुनी सापडला नव्हता. तो मुलगा म्हणजे कादंबरीकार जेम्स एलरॉय. ‘एल. ए. कॉन्फिडेन्शियल’ ही त्याची १९९० ची कादंबरी रक्तरंजित नाताळापासूनच सुरू होते, आणि तिच्यात पोलिसांच्या कृपेने चालणारी एक दूरदर्शन मालिकाही आहे. वेबने जे वगळले ते त्याच्याच पुस्तकाचा वाचक लिहून गेला, हा योगायोग मला कुठल्याही गुप्तहेरकथेपेक्षा मोठा वाटतो.

घरातली नोंदवही अशीच अर्धी. १९४७ मध्ये वेबने ज्युली लंडन या गायिका-नटीशी लग्न केले. दोघांना जॅझचे वेड. दोन मुली झाल्या. पण ‘ड्रॅगनेट’ रेडिओवर, ‘ड्रॅगनेट’ टेलिव्हिजनवर, मग १९५४ मध्ये ‘ड्रॅगनेट’ चित्रपट! सकाळी संपादन, दिवसा चित्रीकरण, रात्री संहिता, आणि दिवसभर एकामागून एक सिगारेटी. प्रायोजकही सिगारेट कंपनीच होती. हा माणूस घरी जात असे तो झोपायला. मालिका देशात दुसऱ्या क्रमांकावर होती त्याच सुमारास घटस्फोट झाला. नंतर आणखी दोन लग्ने झाली आणि मोडली. फ्रायडेला संसार नाही म्हणून तो चोवीस तास कामावर. वेबला संसार होता, पण दिनक्रम फ्रायडेचाच.

एका गाण्याची हकीकत यातलीच. ‘पीट केलीज ब्लूज’ हा १९५५ चा चित्रपट म्हणजे वेबचे लाडके बाळ. १९२७ सालचा एक कॉर्नेटवादक आणि त्याच्या मागे लागलेले गुंड, अशी गोष्ट. खरे वादन डिक कॅथकार्टचे, पण आपली बोटे कुठे चुकू नयेत म्हणून वेबने मेहनत घेतली. पेगी ली या गायिकेला यातल्या भूमिकेसाठी ऑस्करचे नामांकन मिळाले, एला फिट्झजेराल्ड यात गायली आहे. पैसा, वेळ, रंग, कुठेही हात आखडता नाही. टेलिप्रॉम्प्टरवर मिनिटे वाचवणारा हाच का तो, असा प्रश्न पडावा. चित्रपटासाठी आर्थर हॅमिल्टन या तरुण गीतकाराने एलाकरिता ‘क्राय मी अ रिव्हर’ हे गाणे लिहिले होते. ते काही वेबच्या चित्रपटात आले नाही. गीतकार ज्युली लंडनच्या शाळेतला. ते गाणे तिने गायले, १९५५ मध्येच, बॉबी ट्रूपच्या देखरेखीखाली निघालेल्या तबकडीत. आणि ते तिच्या आयुष्यातले सर्वांत गाजलेले गाणे ठरले. पुढे तिने बॉबी ट्रूपशी लग्न केले.

१९५९ मध्ये ‘ड्रॅगनेट’ थांबली. दोन-तीन चित्रपट आले आणि गेले. १९६३ च्या सुरुवातीला वॉर्नर ब्रदर्सने टेलिव्हिजन विभागाची सूत्रे वेबकडे दिली. तिथे चालत असलेल्या ‘७७ सनसेट स्ट्रिप’ या मालिकेत त्याने एक मुख्य नट वगळता बाकी सगळ्यांना काढून टाकले, सूरही गंभीर केला. प्रेक्षकांनी पाठ फिरवली आणि वर्ष संपायच्या आत वेबलाच नारळ मिळाला. त्यानंतरची तीन वर्षे फार वाईट गेली. ज्याच्या नावावर एके काळी ‘टाइम’ साप्ताहिकाचे मुखपृष्ठ होते त्याला कुणी काम देईना.

सुटका पुन्हा फ्रायडेनेच केली. युनिव्हर्सलसाठी १९६६ मध्ये ‘ड्रॅगनेट’चा दूरदर्शनपट झाला, तो पाहून एनबीसीने मालिकाच मागितली. १२ जानेवारी १९६७ पासून रंगीत ‘ड्रॅगनेट’ सुरू झाली. बेन अलेक्झांडर दुसऱ्या मालिकेत अडकलेला, म्हणून हॅरी मॉर्गन जोडीदार झाला. नंतर ‘मॅश’मधला कर्नल म्हणून जगभर गाजला तोच हा. फ्रायडे आणि त्याचा जोडीदार रोज तेच कपडे का घालतात याचे प्रेक्षकांना कोडे होते. उत्तर हिशेबाचे आहे: कपडे तेच असले की गाडीतून उतरण्याची, इमारतीत शिरण्याची जुनी दृश्ये कितीही वेळा वापरता येतात.

पण काळ बदलला होता. पहिलाच भाग एलएसडी या अमली पदार्थावर होता. कॅलिफोर्नियात त्यावर बंदी येऊन जेमतेम तीन महिने झाले होते. लांब केस, युद्धविरोधी मोर्चे, गांजा. फ्रायडे आता चौकशी कमी आणि प्रवचने जास्त करू लागला. पूर्वीचा फ्रायडे ऐकत असे, हा बोलतो. तरुण मुले त्याला हसू लागली. मला स्वतःला पन्नाशीच्या दशकातले कृष्णधवल भाग कितीतरी सरस वाटतात. १९७० मध्ये वेबने आपण होऊनच मालिका बंद केली आणि पडद्यामागे गेला.

आणि गंमत बघा, पडद्यामागे गेल्यावर तो पुन्हा ऐकू लागला. १९६८ पासून गस्तीच्या गाडीतल्या दोन शिपायांची ‘ॲडम-१२’ चालूच होती. बहुतेक किरकोळ भांडणे, हरवलेली मुले, बंद पडलेल्या गाड्या. तिच्यापेक्षाही मोठे काम ‘इमर्जन्सी’चे. अपघातस्थळीच रुग्णावर उपचार करणारे प्रशिक्षित लोक, ज्यांना पॅरामेडिक म्हणतात, ही कल्पना तेव्हा नवी होती. कॅलिफोर्नियाने १९७० मध्ये त्यासाठी कायदा केला होता, पण बाकी देशात बहुतेकांनी असे काही ऐकलेही नव्हते. जानेवारी १९७२ पासून दर आठवड्याला ते लोकांनी घरात बसून पाहिले, आणि आपल्या गावात असे पथक का नाही असा प्रश्न गावोगाव विचारला जाऊ लागला. या मालिकेतल्या परिचारिकेच्या प्रमुख भूमिकेसाठी वेबने कुणाला बोलावले? ज्युली लंडनला. आणि डॉक्टरांपैकी एकाची भूमिका दिली बॉबी ट्रूपला. आपल्या पहिल्या बायकोला आणि तिच्या नवऱ्याला त्याने १९७७ पर्यंत स्थिर काम दिले. यावर त्याने कुठे भाषण केले नाही. फ्रायडेच्या तोंडी वीस-वीस ओळींची प्रवचने घालणाऱ्या माणसाची ही एक कृती मला त्या सगळ्या प्रवचनांहून बोलकी वाटते.

१९८० मध्ये त्याने चौथे लग्न केले. २३ डिसेंबर १९८२ ला हृदयविकाराने तो गेला, वय बासष्ट.

झेंडे अर्ध्यावर उतरवण्याचा आदेश दिला तो महापौर टॉम ब्रॅडली यांनी. ते शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर. त्याआधी १९४० ते १९६१ अशी एकवीस वर्षे ते याच पोलीस दलात होते, म्हणजे ‘ड्रॅगनेट’ची पहिली दहा-बारा वर्षे पार्कर यांच्या हाताखाली. कृष्णवर्णीय आणि गोरे पोलीस एका गाडीत बसवत नसत तो हा काळ. ते लेफ्टनंटपदापर्यंत चढले, पुढे वाट नाही असे दिसल्यावर कायद्याची पदवी घेऊन बाहेर पडले. फ्रायडेच्या कचेरीबाहेरच्या बोळातून ज्यांनी खरोखर ये-जा केली, अशा माणसाच्या सहीने तो आदेश निघाला.

मृत्यूच्या वेळी वेब नव्या ‘ड्रॅगनेट’च्या तयारीत होता. ‘ॲडम-१२’मधला केंट मॅकॉर्ड यावेळी जोडीदार व्हायचा होता. पाच भागांच्या संहिता लिहून झाल्या होत्या.